शरिकांची वाटणी: बंगालची डावी आघाडी ३४ वर्षं टिकली कशी

तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत आधी लिहितो. "काका, आपल्याकडे चार पक्ष एकत्र आले की चार महिन्यांत एकमेकांचे गळे धरतात. मग बंगालमध्ये डावी आघाडी ३४ वर्षं टिकली कशी? आणि एवढी टिकलेली आघाडी पुढच्या दहा वर्षांत शून्यावर कशी आली?" खाली टीप होती की एमएच्या सेमिनारसाठी दोन पानांत उत्तर हवं. दोन पानांत हे मावणार नाही, लांबलचक लिहितो. कापाकापी तू कर.

माझं बोलणं कुठून येतंय तेही ऐकून ठेव. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागलो त्याच्या आधीची काही वर्षं मी इथे इंदूरच्या मिल एरियात निवडणुकीची कामं करत होतो. परदेशीपुऱ्यात घरोघर पर्च्या वाटल्या, मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट म्हणून सकाळपासून बाकावर बसलो, मोजणीच्या रात्री गठ्ठे मोजले. पुढे पुस्तकांत जे वाचलं, ते त्या बाकावरून पाहिलेल्या गोष्टींशी ताडून पाहायची सवय लागली. त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबनीसाचं वाटेल.

परीक्षेत पोरं या प्रश्नाला दोनपैकी एक उत्तर लिहितात. एक, विचारधारा समान होती म्हणून टिकली. दुसरं, केडरची दहशत होती म्हणून टिकली. पहिल्यात खोट अशी की हेच पक्ष, हीच विचारधारा घेऊन १९६७ आणि १९६९ मध्ये दोनदा सत्तेवर आले आणि दोन्ही वेळा वर्ष-सव्वा वर्षाच्या आत कोसळले. दुसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. पण दहशतीनं विरोधक दबतो, मित्रपक्ष सोबत राहत नाही. मित्रपक्ष टिकवायला दुसरं काहीतरी लागतं. ते काय होतं हे कळायचं तर आधी ६७ पासून सुरुवात करावी लागेल.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. जखम ताजी होती, म्हणून १९६७ च्या विधानसभेला बंगालमध्ये काँग्रेसविरुद्ध एक नाही, दोन आघाड्या उभ्या राहिल्या. एकीचं पुढारपण मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडे, म्हणजे माकपकडे. दुसरीत भारतीय कम्युनिस्ट पक्ष म्हणजे भाकप आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या अजय मुखर्जींची बांगला काँग्रेस. दोघी एकमेकींविरुद्धही लढल्या. तरीसुद्धा अन्नटंचाईनं लोक इतके पिचलेले होते की काँग्रेस २८० पैकी १२७ वर अडकली. खुद्द मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन आरामबागेत अजय मुखर्जींकडून हरले. सेन हे नाव लक्षात ठेव, दहा वर्षांनी ते परत येणार आहेत.

निकालानंतर दोन्ही आघाड्या जोडून संयुक्त आघाडी झाली. मुख्यमंत्री अजय मुखर्जी, उपमुख्यमंत्री ज्योती बसू. माकपचे ४३ आमदार आणि बांगला काँग्रेसचे ३४, पण खुर्ची ३४ वाल्यांची. नोव्हेंबरमध्ये राज्यपालांनी सरकार बरखास्त केलं. १९६९ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि या वेळी आधीच जागा वाटून घेतल्यामुळे काय फरक पडला बघ: आघाडीला २१४, काँग्रेसला ५५. दोन वर्षांत मतदार काही उलटापालटा झालेला नव्हता. विरोधी मतं एका पेटीत पडायला लागली, एवढंच.

आणि एवढं बहुमत असूनही ते सरकार तेरा महिन्यांत गेलं. कारण विधानसभेपुरती वाटणी झाली होती, गावाची झाली नव्हती. जमीनदारांनी दडवलेली जादा जमीन काढून भूमिहीनांना द्यायची चळवळ जोरात होती आणि कुठल्या शेतात कुणाचा झेंडा लागणार यावरून घटक पक्षांचे कार्यकर्तेच एकमेकांवर धावून जात होते. कारखान्यांत युनियनवरून तेच. बंगालीत याला शब्द आहे, शरिकी संघर्ष. 'शरिक' म्हणजे एकाच वडिलोपार्जित मिळकतीतले वाटेकरी. आपण भाऊबंदकी म्हणतो ना, अगदी तीच. आघाडीतल्या घटक पक्षाला बंगाली वर्तमानपत्रं आजही शरिक दलच म्हणतात. मला हा शब्द 'मित्रपक्ष'पेक्षा फार खरा वाटतो, कारण एकमेकांवर प्रेम असण्याची अट त्यात नाही. विहीर एक आहे, बांध एक आहे, म्हणून सोबत राहायचं.

१९६९ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री अजय मुखर्जी कोलकात्याच्या कर्झन पार्कात आपल्याच सरकारच्या कायदा-सुव्यवस्थेविरुद्ध उपोषणाला बसले. पोलीस खातं ज्योती बसूंकडे होतं. मार्चमध्ये मुखर्जींनी राजीनामा दिला. मी वर्गात हा प्रसंग सांगायचो तेव्हा पोरं हसायची. हसण्यासारखाच आहे, पण बंगालच्या डाव्यांनी त्यातून धडा घेतला.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९७१ मध्ये माकप ११३ जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष झाला, तरी एकटा पडल्यानं सत्तेबाहेर राहिला. १९७२ ला भाकप काँग्रेसबरोबर गेली, मतदानात उघड गैरप्रकार झाल्याचे आरोप झाले, काँग्रेसला २१६ आणि माकपला अवघ्या १४ जागा मिळाल्या. मग आणीबाणी. ११३ वरून १४. या आकड्यांची धास्ती त्या पक्षाच्या हाडात मुरली असणार, असं मी मानतो. ज्याला एकदा एकटं गाठून मारलंय, तो पुढे सोबत सोडत नाही.

आता १९७७. मार्चच्या लोकसभेला डावे आणि जनता पक्ष बंगालमध्ये समझोत्यानं लढले आणि जिंकले. जूनमध्ये विधानसभा होती. डाव्यांनी जनता पक्षाला निम्म्याहून थोड्या जास्त, ५६ टक्के जागा देऊ केल्या आणि वर मुख्यमंत्रिपदही. कुणाला? तेच प्रफुल्लचंद्र सेन, आता जनता पक्षाचे पुढारी. ज्यांच्या विरुद्ध १९६६ चं अन्न आंदोलन पेटवलं, त्यांनाच मुख्यमंत्री करायला डावे तयार होते! १४ जागांची धास्ती म्हणतो ती हीच. जनता पक्षानं ७० टक्के मागितल्या. बोलणी फिसकटली.

निकाल लागला तेव्हा २९४ पैकी डावी आघाडी २३१, जनता २९, काँग्रेस २०. मतांचा वाटा मात्र बघ: आघाडीला ४६ टक्क्यांच्या आसपास, काँग्रेसला २३, जनताला २०. म्हणजे निम्म्याहून जास्त बंगालनं डाव्यांना मत दिलंच नव्हतं. विरोधी मतं दोन जवळपास सारख्या ढिगांत पडली आणि ४६ टक्क्यांना पाऊणहून अधिक विधानसभा मिळाली. जनता पक्ष ७० टक्क्यांवर अडून बसला, ते डाव्यांच्या पथ्यावर पडलं. तुझ्या सेमिनारमध्ये कुणी 'लाल लाट' म्हटलं तर हे तीन आकडे फळ्यावर लिही.

२१ जून १९७७ ला सहा पक्षांचं सरकार आलं: माकप, फॉरवर्ड ब्लॉक, क्रांतिकारी समाजवादी पक्ष म्हणजे आरएसपी, मार्क्सवादी फॉरवर्ड ब्लॉक, भारतीय क्रांतिकारी कम्युनिस्ट पक्ष म्हणजे आरसीपीआय आणि बिप्लोबी बांगला काँग्रेस. एकट्या माकपचे १७८ होते. बहुमताला १४८ लागतात. म्हणजे बाकीच्या पाचांना गेटबाहेर उभं केलं असतं तरी सरकार चाललं असतं. तसं केलं नाही आणि पुढची ३४ वर्षं कधीच केलं नाही. माझ्या उत्तराचा गाभा इथे आहे.

जागावाटपाचे आकडे सांगतो, हे तुला कुठल्याच गाइडात एकत्र दिसणार नाहीत. १९७७ ला माकप २२४ जागा लढली, फॉरवर्ड ब्लॉक ३६, आरएसपी २३. १९८२ ला भाकप काँग्रेसची सोबत सोडून आघाडीत आली. तिच्यासाठी जागा काढायच्या होत्या. फॉरवर्ड ब्लॉकनं दोन सोडल्या, ३४ वर आला. माकपनं सगळ्यात जास्त सोडल्या, २०९ वर आली. आरएसपी २३ वर कायम. भाकपला १२. यानंतर गंमत बघ. १९८७: फॉरवर्ड ब्लॉक ३४, आरएसपी २३. २००१: ३४, २३. २००६: ३४, २३. मतदारसंघांची फेररचना होऊन नकाशा बदलला, तरी २०११ ला पुन्हा ३४ आणि २३. तीस वर्षांत ज्योती बसू जाऊन बुद्धदेव भट्टाचार्य आले, सोव्हिएत युनियन नाहीसं झालं, पण आरएसपीच्या २३ च्या २४ झाल्या नाहीत की २२ झाल्या नाहीत.

आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, आठव. कुणाची झाकी पुढे, कुणाची मागे, हा क्रम ठरलेला. तो दरवर्षी नव्यानं ठरवायला घेतला तर मिरवणूक राजवाड्यापर्यंत पोचायच्या आधी डोकी फुटतील. मिला बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी झाक्या त्या-त्या मिलच्या नावानंच निघतात. डाव्या आघाडीनं जागावाटपाचं हेच केलं, वाद घालण्याचा विषयच बंद करून टाकला. फॉरवर्ड ब्लॉकचं कूचबिहार, आरएसपीचे उत्तरेला डुआर्सचे चहामळे आणि दक्षिणेला बासंती-गोसाबाचा पट्टा, भाकपची मेदिनीपूरमधली ठाणी. ज्याचं घर त्याच्याकडे. हे घडवण्यात आघाडीचे पहिले अध्यक्ष प्रमोद दासगुप्ता यांचा हात मोठा. ज्योती बसू सरकारचा चेहरा, दासगुप्ता संघटनेची मूठ. १९८२ ला ते गेले, पण चौकट राहिली.

मोठ्या पक्षानं एवढं सोडायचं का, असं तू विचारशील. माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. इथल्या एका नगरपालिकेच्या निवडणुकीत, मिल एरियातल्या एका वॉर्डात, लाल झेंड्याचे दोन उमेदवार उभे राहिले. दोन्ही पक्षांची नावं घेत नाही, कारण चूक दोघांचीही होती. एकाचं म्हणणं, वॉर्डात आमची युनियन मोठी. दुसऱ्याचं म्हणणं, मागच्या खेपेला आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. समझोत्याच्या बैठका पहाटेपर्यंत चालल्या, चहाचे ग्लास वाढत गेले, फॉर्म मागे घ्यायची वेळ निघून गेली. मोजणीच्या रात्री दोघांचे गठ्ठे मी शेजारी शेजारी ठेवले तर तिसऱ्याच्या गठ्ठ्यापेक्षा उंच होत होते. तिसरा निवडून आला. त्याचा प्रचार मी फारसा पाहिलाच नव्हता. बैठकीत त्या रात्री कुणी विचार मांडला नव्हता, मार्क्स काढला नव्हता. भांडण फक्त एका फॉर्मचं होतं.

म्हणून मी म्हणतो की आघाडीत बेरीज पुढाऱ्यांच्या सभेत दिसते, खरं काम वजाबाकीचं असतं. कुणी कुठे उभं राहायचं नाही, हे ठरवणं. आपल्या निवडणूक पद्धतीत सगळ्यात जास्त मतं मिळवणारा एकटा निवडून येतो, दुसऱ्याला चार मतं कमी पडली तरी हाती काही नाही. अशा पद्धतीत ४५ टक्क्यांचा ढीग फुटू दिला नाही तर विधानसभा तुमची आणि त्यातले पाच टक्के बाजूला गेले तर काहीच तुमचं नाही. छोट्या शरिकाला ३४ जागा देणं ही माकपची उदारता नव्हती. ते विम्याचे हप्ते होते. आणि विमा वठला २००१ मध्ये. तृणमूल काँग्रेस १ जानेवारी १९९८ ला निघाली होती, २००१ ला ती काँग्रेसशी जुळवून घेऊन लढली, आणि माकप १४३ वर आली. १९७७ नंतर पहिल्यांदा १४८ च्या खाली. आघाडी मिळून १९९ होती, सरकार हललंसुद्धा नाही.

पण नुसत्या वाटणीनं लोक सात निवडणुका मत देत नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर हिशेबनीस म्हणून माझी थट्टा होईल. १९७८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक ऑपरेशन बर्गा. बर्गादार म्हणजे आपल्याकडचा बटाईदार, अर्धेलीनं दुसऱ्याची जमीन कसणारा. त्याचं नाव सरकारी दप्तरात नसायचं, मालक हवं तेव्हा हाकलायचा. कायदा आधीपासून होता, पण तलाठ्यासमोर उभं राहून 'ही जमीन मी कसतो' म्हणायची हिंमत कुणाची? तेव्हा सरकारी अधिकारी संध्याकाळी गावात जाऊन, सगळ्यांना एकत्र बसवून, चारचौघांत नोंदी करू लागले. १४ लाखांहून जास्त बर्गादारांची नोंद झाली. बी-बियाणं मालकानं दिलं नसेल तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा कसणाऱ्याचा.

दुसरी गोष्ट पंचायत निवडणुका, त्याही पक्षचिन्हांवर. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, त्याच्या पंधरा वर्षं आधी बंगालमध्ये गावचा प्राथमिक शिक्षक आणि छोटा शेतकरी पंचायतीत निवडून येऊन पैसा खर्च करत होता. बर्गादाराला नाव मिळालं आणि त्या नावाची राखण करायला पंचायत मिळाली. या दोन्हींनी जो मतदार बांधला तो पिढीभर हलला नाही.

आता दहशतीचा भाग. पंचायत जशी राखण करते तशी पाळतही ठेवते. कुणाला जॉब कार्ड, कुणाचं नाव यादीत, कुणाच्या घरचं भांडण पार्टी ऑफिसात मिटवायचं, हे सगळं एका हातात आलं की मतपेटी वेगळी धमकावी लागत नाही. आणि मरीचझांपी विसरू नकोस. फाळणीनंतरच्या पूर्व बंगालच्या दलित निर्वासितांना आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रदेशात, रायपूरजवळच्या माना शिबिरात आणि दंडकारण्यात आणून टाकलं होतं. विरोधात असताना डाव्यांनी त्यांच्या बंगालमध्ये परतण्याच्या मागणीला साथ दिली. सत्ता आल्यावर ते लोक खरोखर निघाले आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर वसले, तेव्हा १९७९ मध्ये त्याच सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मेमध्ये वस्ती उठवली. मेलेल्यांचा आकडा आजही वादाचा आहे. डाव्या आघाडीवर प्रेमानं लिहिणारे इथे एक परिच्छेद गाळतात. तू गाळू नकोस.

शरिकांचं आपसात गोड होतं असंही समजू नकोस. विधानसभेला एक आणि पंचायतीला अनेक ठिकाणी समोरासमोर, असा प्रकार होता. बासंतीच्या भागात माकप आणि आरएसपीच्या कार्यकर्त्यांत रक्त सांडलंय. २००८ च्या फेब्रुवारीत कूचबिहारच्या दिनहाट्यात फॉरवर्ड ब्लॉकच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि सत्तेतल्या फॉरवर्ड ब्लॉकनं आपल्याच सरकारविरुद्ध बंद पुकारला. तरीही मंत्रिमंडळ सोडलं नाही. अजय मुखर्जींचं उपोषण आणि हा बंद, या दोन्हींमध्ये ३८ वर्षं गेली होती. आता कुठपर्यंत ताणायचं हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

दिल्लीचा भाग तुझ्या पेपरला कमी लागेल. १९९६ ला ज्योती बसूंना पंतप्रधानपद चालून आलं, माकपच्या केंद्रीय समितीनं नको म्हटलं, बसूंनी त्याला ऐतिहासिक चूक म्हटलं. २००४ मध्ये लोकसभेत चार डाव्या पक्षांचे मिळून ५९ खासदार होते, त्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर मनमोहन सिंग सरकार चालत होतं. २००८ च्या जुलैत अणुकरारावरून पाठिंबा काढला. या शेवटच्या निर्णयाचा बंगालशी संबंध आहे. काँग्रेसला तृणमूलकडे जायला रस्ता मोकळा झाला. दोघांना जोडणारी तारीख डाव्यांनी स्वतः ठरवून दिली.

२००६ ला आघाडीला २३५ जागा आणि निम्मी मतं. इतकं सगळं अनुकूल असताना घसरण सुरू झाली. सिंगूरमध्ये मोटार कारखान्यासाठी जमीन घेतली, त्यात न देणाऱ्यांचीही गेली. नंदीग्राममध्ये रासायनिक प्रकल्पाच्या नुसत्या नोटिशीवरून गाव पेटलं आणि १४ मार्च २००७ ला पोलीस गोळीबारात १४ जण गेले. बर्गादाराला जमिनीवर नाव देणारं सरकार आता जमीन काढून घेणारं दिसू लागलं. आणि इथे माझ्या लाडक्या ३४ आणि २३ ची दुसरी बाजू दिसते. आरएसपीचे मंत्री क्षिती गोस्वामी नंदीग्रामवर उघड बोलले, राजीनाम्याची भाषा केली. फॉरवर्ड ब्लॉकही बोलला. पण ज्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या आहेत, त्यांच्या रागाला भीक कोण घालणार? ते बाहेर जाणार नाहीत हे मोठ्या भावाला माहीत होतं. रोज भांडणारा शरिक निदान वेळेवर ओरडला असता.

२०११ ला तृणमूल आणि काँग्रेसनं तेच केलं जे डाव्यांनी ७७ पासून केलं होतं: एका जागी एकच. डाव्या आघाडीला त्याही वेळी ४१ टक्के मतं होती. ७७ पेक्षा पाचच टक्के कमी. जागा मात्र ६२. समोरच्यांना २२७. मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य जादवपूरमध्ये हरले, ते त्यांच्याच हाताखाली मुख्य सचिव राहिलेल्या मनीष गुप्तांकडून. ४६ ला २३१ आणि ४१ ला ६२, हे एकाच ओळीत लिहिलंस तर पेपर तपासणारा थांबून वाचेल.

त्यानंतरची पडझड निराळ्या जातीची आहे. २०१६ ला डावे काँग्रेसबरोबर गेले. माकपला २० टक्क्यांच्या जवळपास मतं आणि २६ जागा, काँग्रेसला १२ टक्के आणि ४४ जागा. डाव्या मतदारानं हातावर शिक्का मारला, काँग्रेसच्या मतदारानं विळा-हातोड्यावर तितक्या मनानं मारला नाही. जन्मभर ज्यांच्याशी भांडलो त्यांना मत दे, असा निरोप वरून आला की खालचा माणूस मान डोलावतो आणि आतल्या पडद्यामागे स्वतःचं करतो. मी बाकावर बसून हे पाहिलंय. १९७७ ची वाटणी चालली कारण त्या सहा पक्षांचा मतदार मोर्चांत, संपांत, तुरुंगात आधीच एकमेकांना ओळखत होता. २०१९ ला बंगालमधून लोकसभेत माकपचा एकही नाही. २०२१ ला विधानसभेत डाव्यांचा एकही नाही, काँग्रेसचाही नाही. सोबत घेतलेल्या इंडियन सेक्युलर फ्रंट या नव्या पक्षाला तेवढी एक जागा.

त्रिपुराचं एक उदाहरण जोड. २०१८ ला माकपला ४२ टक्क्यांवर मतं, भाजपला ४३ च्या थोडी वर. मतांत टक्का-दीड टक्क्याचा फरक, जागांत १६ आणि ३५. केरळचं मी तुझ्या पेपरात घालणार नाही. तिथली डावी लोकशाही आघाडी १९८० च्या सुमाराची, पण तिथे शरिक इकडून तिकडे उड्या मारतात आणि आघाडी तरी टिकते, तो निराळाच नमुना आहे. वेळ मिळाला तर पुढच्या सेमिस्टरला.

राहिला तुझा शेवटचा, कंसात टाकलेला प्रश्न: 'मग आपल्या इंदूरमध्ये का नाही?' एकदा झालं होतं. १९६२ ला होमी दाजी इथून लोकसभेवर गेले. पारशी माणूस, कम्युनिस्ट, मिल मजुरांचा पुढारी, पण उभे राहिले अपक्ष म्हणून. माझे वडील आणि रामबागेतली त्यांची मित्रमंडळी आयुष्यात कधी लाल झेंड्याखाली उभी राहिली नव्हती, त्यांनीही दाजींना मत दिल्याचं मी घरात ऐकलंय. वडील म्हणायचे, "पक्षाला नाही दिलं, दाजींना दिलं." अपक्ष असण्याचा फायदा तो, आणि तोटाही तोच. दाजींचं मत दाजींबरोबर राहिलं. १९६७ ला काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी आले. पुढे दाजी १९७२ ला विधानसभेत गेले, पण ३४ आणि २३ सारखं काही मागे उभं राहिलं नाही, कारण वाटून घ्यायला दुसरा शरिकच नव्हता. मजुरांतली मोठी संघटना काँग्रेसची होती, समाजवाद्यांचं दार निराळं. १९७७ ला कल्याण जैन जनता पक्षाकडून निवडून आले तेव्हा मिल एरियातली पुष्कळ लाल मतं तिकडे गेली असावीत, असा माझा अंदाज. मग १९८९ पासून सलग आठ वेळा भाजपच्या सुमित्राताई महाजन. मधल्या काळात, १९९१ च्या डिसेंबरात, हुकमचंद मिल बंद झाली आणि कामगारांची देणी चुकती व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

बंगालमध्ये बर्गादाराच्या पायाखाली जमीन होती, तिच्यावर नाव चढवता आलं. इथे मजुराच्या पायाखाली मिलचं फाटक होतं. दाजी १४ मे २००९ ला गेले. बंगालमध्ये डाव्यांना लोकसभेच्या ४२ पैकी १५ च जागा मिळाल्याचा निकाल त्याच आठवड्यात, दोन दिवसांनी लागला. ७७ ते २०११ चे पक्षवार तक्ते माझ्याकडे हातानं लिहिलेले आहेत. रविवारी सकाळी ये, पोहे खाऊ आणि उतरवून घे.